लढाई न पाहिलेला रणगाडा

'वर्ल्ड ऑफ टँक्स' खेळताना फ्रेंच 'एएमएक्स ५० बी' समोर आला की जुने खेळाडू आधी एकच अंदाज बांधतात: याची क्लिप, म्हणजे लागोपाठ डागायच्या गोळ्यांचा साठा, भरलेली आहे की रिकामी? भरलेली असेल तर आडोसा सोडायचा नाही. अडीच-अडीच सेकंदांनी चार गोळे येतात आणि आधीच मार खाल्लेला गाडा जागेवर खलास होतो. क्लिप रिकामी झाली की मात्र हाच दहाव्या श्रेणीचा अवजड गाडा अर्धं मिनिट जीव मुठीत धरून पळतो, कारण चिलखत बेताचंच. मिन्स्कच्या वॉरगेमिंग कंपनीने २०१० मध्ये हा खेळ आणला. फ्रेंच गाडे त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने आले.

खऱ्या 'एएमएक्स ५०'ने एकही लढाई पाहिली नाही.

महायुद्ध संपताच पॅरिसलगतच्या ईसी-ले-मूलिनोच्या सरकारी कारखान्याने त्याचे आराखडे हाती घेतले. जर्मन छाप उघड होती: टायगर-पँथरसारखी एकमेकांवर चढलेली चाकं, मायबाखच्या घराण्यातलं इंजिन. अस्सल फ्रेंच होता तो टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज.

१२० मिलिमीटर तोफेचा गोळा उचलणं सोपं काम नव्हे. अमेरिकेच्या 'एम १०३' या अवजड रणगाड्यात त्यासाठी दोन लोडर बसत. यंत्राकडून गोळा भरून घ्यावा, तर नेम धरताना तोफ वर-खाली होते आणि गोळा जिथून सरकवायचा ते मागचं तोंडही हलतं. माणूस हात वळवून जमवून घेतो, त्या काळच्या यंत्राला ते जड जाई. फ्रेंचांनी टरेटचेच दोन भाग केले. खालचा भाग गोल फिरायचा. वरचा, तोफ आणि गोळ्यांच्या साठ्यासकट, पुढे-मागे झुलायचा. तोफ कुठेही रोखा, साठा तिच्या रेषेतच! युक्ती नामी होती, पण दोन भागांमध्ये फट राहायची. अणुयुद्धाच्या धास्तीच्या त्या काळात हवाबंद न होणारा टरेट म्हणजे मोठंच उणं.

इंजिनाने १,००० अश्वशक्तीची अपेक्षा कधीच पुरी केली नाही आणि वजन वाढत गेलं. त्यात अमेरिकेने मदत म्हणून 'एम ४७ पॅटन' फुकट दिले. जाड चिलखतही भेदणारे नवे गोळे आल्यावर अवजड रणगाड्यांचा जमानाच सरला. मोजके नमुने बनवून १९५० च्या दशकाअखेरीस प्रकल्प गुंडाळला गेला. एक गाडा सोम्यूरच्या संग्रहालयात आहे. खेळात मात्र तो ताशी ६५ किलोमीटरने धावतो. कारखान्याला जे साधलं नाही ते प्रोग्रामरांनी देऊन टाकलं, असंच म्हणावं लागेल.

झुलत्या टरेटचं खरं नाव झालं ते हलक्या 'एएमएक्स १३'मुळे. त्यात सहा-सहा गोळ्यांचे दोन ड्रम असत. ते संपले की आडोशाला जाऊन, बाहेर उतरून भरावे लागत. खेळातल्यासारखं आपोआप काही भरत नसे. भारताने हे गाडे घेतले, १९६२ मध्ये विमानाने लडाखमधल्या चुशूलला उतरवले. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूतल्या छांबमध्ये '२० लान्सर्स'च्या मेजर भास्कर रॉय यांनी याच हलक्या गाड्यांनिशी पाकिस्तानी पॅटनना तोंड दिलं आणि महावीरचक्र मिळवलं.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आज 'एएमएक्स १३'ही आहे आणि पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही.