ख्रिसमस ट्री घराघरात कसा पोहोचला? आणि घरात लहान मूल असेल तर काय काळजी घ्यावी?

डिसेंबर उजाडला की बाजारात हिरवी झाडं, चकचकीत गोळे आणि दिव्यांच्या माळा दिसू लागतात. दिवाळीत किल्ला जसा मुलांचा, तसा नाताळात ख्रिसमस ट्री मुलांचा, असंच सगळे धरून चालतात. नाताळ मात्र खूप जुना सण आहे आणि घरात झाड सजवण्याची पद्धत त्यामानाने बरीच नवी आहे. ही पद्धत मुलांमुळेच जगभर लोकप्रिय झाली. तरीही झाडावरच्या अनेक वस्तू लहान मुलांसाठी धोक्याच्या असतात. म्हणून दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

सुरुवात कुठे झाली?

ही मूळची जर्मन भाषिक प्रदेशातली प्रथा. तिथे २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस मानला जात असे. त्यांच्या कथेवरच्या नाटकात सूचिपर्णी झाडाला सफरचंदं टांगत. १६०५ सालच्या एका नोंदीत स्ट्रासबुर्गमधल्या घरांतल्या झाडांचं वर्णन आहे. त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदं आणि गोड पदार्थ लावलेले होते. म्हणजे तेव्हाची सजावट बरीचशी खाण्याजोगी होती! स्ट्रासबुर्ग आज फ्रान्समध्ये आहे. झाडावर पहिल्यांदा मेणबत्त्या मार्टिन ल्यूथर यांनी लावल्या, असं सांगितलं जातं, पण त्याला पुरावा नाही.

जर्मनीतल्या अनेक घरांत मोठी माणसं बंद दाराआड झाड सजवत. २४ तारखेच्या संध्याकाळी घंटा वाजली की मगच मुलांना आत सोडत. काही घरांत ही पद्धत आजही पाळतात.

एका चित्राने झाड जगभर नेलं

१८०० साली इंग्लंडची राणी शार्लट हिने विंडसर इथे मुलांच्या मेजवानीसाठी झाड सजवलं होतं. ती मूळची जर्मन होती. पण सामान्य इंग्रजी घरांत झाड पोहोचलं ते पुढे, राणी व्हिक्टोरियाच्या काळात. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने एक चित्र छापलं. त्यात राणी, तिचा जर्मन पती अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी होती. १८५० मध्ये अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने तेच चित्र थोडे बदल करून छापलं. राणीचा मुकुट काढला, अल्बर्टच्या मिशा पुसल्या आणि राजघराणं साधं अमेरिकन कुटुंब झालं. ‘आई-बाबा, मुलं आणि झाड’ ही नाताळची प्रतिमा तिथून घराघरात रुजली.

मेणबत्ती ते विजेची माळ

वाळत चाललेल्या झाडावर पेटत्या मेणबत्त्या म्हणजे आगीला आमंत्रणच. त्यामुळे झाडाजवळ पाण्याची बादली भरून ठेवत. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. माळा स्वस्त व्हायला पुढे काही दशकं लागली.

आपल्याकडचा ‘ख्रिसमस ट्री’ वेगळा

युरोपात फर किंवा स्प्रूस ही थंड हवेतली झाडं वापरतात. महाराष्ट्रातल्या बागांत आणि कुंड्यांत ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो बहुतेकदा अरोकेरिया असतो. हे झाड मूळचं दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. घरात सजवायला मात्र प्लॅस्टिकचं झाडच जास्त वापरलं जातं.

गोव्यात आणि वसईत नाताळच्या सजावटीत गोठ्याला मोठा मान आहे. गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून गोव्यातल्या अनेक घरांत काही दिवस आधी नाचणी पेरतात. या कामात मुलंही हौसेने हातभार लावतात.

घरात लहान मूल असेल तर

रांगणारं किंवा नुकतंच चालू लागलेलं मूल झाड धरून उभं राहायला बघतं आणि हाती लागेल ते तोंडात घालतं. म्हणून झाड सजवताना मुलाच्या उंचीवरून एकदा बघावं.

• झाड भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला दोरीने बांधावं.
• खालच्या फांद्यांवर कापडी, लाकडी किंवा कागदी वस्तू लावाव्यात. काचेचे गोळे वर टांगावेत.
• खाऊसारख्या दिसणाऱ्या छोट्या वस्तू आणि गोळ्यांच्या सुट्ट्या कड्या मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत.
• वायर लोंबकळती ठेवू नये. झोपताना आणि बाहेर जाताना माळेचं बटण बंद करावं.
• खरं तोडलेलं झाड असेल तर त्याचा बुंधा पाण्यात ठेवावा आणि पाणी रोज तपासावं. सुकलेलं झाड क्षणात पेट घेतं.

सगळ्यात मोठा धोका बटण सेलचा. छोट्या माळा, गाणारी शुभेच्छापत्रं आणि चमकणारी खेळणी यांत हे चपटे, गोल सेल असतात. मुलाने गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सुरुवातीला मूल अगदी ठीक वाटू शकतं. नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, घरगुती उपाय करत थांबू नये. लगेच एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. खरेदी करतानाच सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का, ते बघून घ्यावं.

झाड कधी उतरवतात?

अनेक देशांत ६ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे तीन राजांच्या सणाला झाड उतरवतात. गोव्यात याच दिवशी रेइश मागूश, चांदोर आणि कांसावली इथे मुलं राजांच्या वेशात घोड्यावरून येतात. स्वीडनमध्ये झाड १३ जानेवारीपर्यंत राहतं. त्या दिवशी मुलं नाचत-गात झाडावरचा खाऊ ‘लुटतात’ आणि मग झाड घराबाहेर जातं. सजावट उतरवतानाही मुलांना सोबत घेता येतं. फक्त माळेतले सेल आधी मोठ्यांनी काढून, मोजून ठेवावेत.