विमानाच्या हेडसेटमध्ये खरखर येते कुठून?

कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधीच ‘टर्र-टिक-टिक’ वाजायचं, आठवतंय? २जी फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा सिग्नलचे झटके सोडतो आणि स्पीकरची वायर ते अँटेनासारखे पकडते. छोट्या विमानाच्या हेडसेटमध्येही असंच होतं, फक्त तिथे संशयित जास्त.

माझा एक मित्र पायलटचं ट्रेनिंग घेतोय. त्याच्या सेस्ना १७२ मध्ये कानात सतत शिट्टी आणि मधूनमधून खरखर. एकदा टॉवरने धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं, ते त्याला नीट कळलंच नाही. परत विचारावं लागलं. मग मला फोन, “तू इंजिनिअर ना, बघ जरा!” मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण बग शोधायची पद्धत तीच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी दुसरा हेडसेट लावला. आवाज तसाच, म्हणजे हेडसेट निर्दोष. मग रेडिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणला. खरखर गेली, शिट्टी राहिली! माझ्या मते सगळ्यात कामाची टेस्ट हीच. जो आवाज गेला तो रेडिओमार्गे येत होता, जो राहिला तो ऑडिओच्या वायरिंगमधून.

शिट्टी इंजिनच्या आरपीएमबरोबर चढत-उतरत होती, म्हणून संशय अल्टरनेटरवर. तो एसी वीज बनवतो आणि डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. मेंटेनन्स इंजिनिअरने जमिनीवर, इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरचा स्विच बंद केला, शिट्टी गायब. गंमत म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता. हेडसेटच्या जॅकभोवतीचा इन्सुलेटिंग वॉशर तुटून जॅक धातूच्या पॅनेलला टेकला होता. ऑडिओची ग्राउंड वायर एकाच ठिकाणी जोडलेली हवी. इथे दुसरा रस्ता तयार झाला आणि बाकी उपकरणांचा करंट त्यातूनही वाहायला लागला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आता खरखर. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएम पद्धतीने बोलतात. एफएममध्ये एकाच वेळी दोघं बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो. एएममध्ये तसं होत नाही, दुसरं कुणीतरी बोलतंय हे निदान कळतं, म्हणून विमानांत अजून एएमच. पण एएममध्ये माहिती सिग्नलच्या ताकदीत असते, त्यामुळे आसपासचा विद्युत कचराही थेट कानात येतो. आमचा कचरा सॉकेटमधल्या स्वस्त यूएसबी चार्जरचा निघाला. असे चार्जर सेकंदाला लाखो वेळा स्विच होतात आणि फिल्टर नीट नसेल तर त्याचे पडसाद थेट विमानाच्या बँडपर्यंत पोचतात. चार्जर काढला, रेडिओ शांत.

टकटक दिव्याच्या झगमगाटाबरोबर येत असेल तर स्ट्रोब लाइट बघा. आरपीएमबरोबर वाढणारी, पण अल्टरनेटर बंद करूनही न थांबणारी फटफट असेल तर इग्निशन, म्हणजे मॅग्नेटो किंवा त्याच्या वायरचं शील्डिंग. ही शोधाशोध फक्त जमिनीवर, आणि वायरिंगला हात लायसन्सवाल्या मेंटेनन्स इंजिनिअरनेच लावायचा. मी स्वतः नुसता बाजूला उभा राहून वहीत लिहीत होतो.

वॉशर बदलल्यावर शिट्टीही गेली. मित्र आता फोन घरूनच चार्ज करून नेतो.