राखीव गडी

विजयी संघाच्या छायाचित्राची मांडणी सर्वत्र सारखीच असते. ढाल मधोमध, तिच्यामागे कर्णधार आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रत्यक्ष खेळलेले गडी. जे वर्षभर पहाटे सरावास आले, परंतु सामन्याच्या दिवशी रेषेबाहेर बसून राहिले, त्यांना मागल्या रांगेच्या टोकाशी जागा मिळाली तर मिळते. अशा राखीव गड्यांपैकी ज्याचा उत्साह अखेरपर्यंत मावळला नाही, त्याला महाविद्यालयाने स्वतंत्र पारितोषिक द्यावे, ही कल्पना अनेकांस केवळ सांत्वनाची वाटते. अमेरिकेतील महाविद्यालयांत मात्र मुख्य संघाला सराव देणाऱ्या दुय्यम संघातूनही दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू निवडण्याची प्रथा आहे. ती सांत्वनापोटी पडली की न्यायबुद्धीने, हा प्रश्न कोल्हापूरच्या क्रीडेतिहासाच्या उजेडात तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम राखीव गड्याचे नियमांतील स्थान पाहू. पाश्चात्त्य खेळांनी त्याला फार उशिरा आत घेतले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरविण्याची मुभा १९६५ साली मिळाली; विश्वचषक स्पर्धेत ती १९७० साली आली. तोवर एखादा गडी जायबंदी झाला, की उरलेल्या दहांनी निभावून न्यावे, हाच दंडक होता. क्रिकेटमधील बारावा गडी क्षेत्ररक्षण करी, परंतु फलंदाजी व गोलंदाजी त्याला वर्ज्य. डोक्यास मार बसलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा बदली खेळाडू घेण्याची सवलत आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ पासून सुरू झाली. आपल्या हुतुतूची दृष्टी याहून उदार होती. त्याच्या ‘संजीवनी’ प्रकारात बाद होऊन बाहेर बसलेला गडी प्रतिपक्षाचा एक गडी बाद होताच पुन्हा जिवंत होऊन आत येई. बाहेर बसलेल्याचा खेळ संपलेला नाही, हे तत्त्व त्या नियमातच गोवलेले होते.

कोल्हापूरच्या मातीत या तत्त्वाचे आणखी एक रूप दिसते. कुस्ती हा एकट्याचा खेळ. त्यात राखीव गडी कोठून असणार, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचा हौदा ज्याने पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की नामांकित मल्ल एकट्याच्या मेहनतीने घडत नाही. त्याच्याशी रोज अंग घासणारे, त्याचे डाव स्वतःच्या पाठीवर झेलणारे पाच-दहा जोडीदार असतात. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत बांधल्या गेलेल्या खासबाग मैदानात हजारोंच्या साक्षीने ज्याच्या डोक्यावर फेटा चढतो, त्याच्या विजयात या अनामिकांचा वाटा असतो. परंतु दवंडीत त्यांचे नाव नसते.

अशा नगरीतील राजाराम महाविद्यालयात कराडजवळच्या गोळेश्वर गावचा एक तरुण शिकावयास आला. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. अंगकाठी लहान, उंची बेताची. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा ही शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. तेव्हा त्यांनी थेट प्राचार्यांकडे धाव घेतली आणि परवानगी मिळविली, असे सांगितले जाते. पुढे आखाड्यात त्यांनी आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. जन्मभर मातीत लढलेल्या या मल्लाला तेथे गादीवरची कुस्ती लढावी लागली; तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

चार वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग ओढवला. हेलसिंकीसाठी झालेल्या निवडीत ते एका गुणाने मागे पडले व संघाबाहेर राहिले. राखीव गड्याची खरी कसोटी या क्षणी असते. रुसून घरी बसणे सोपे. निर्णय मुकाट्याने स्वीकारणे त्याहून सोपे. जाधवांनी दोन्ही वाटा सोडल्या. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत मिळविली आणि ती जिंकली. मग प्रश्न आला पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या खर्डेकरांनी तर राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. दोन वेळा ज्याला दाराबाहेर ठेवले, त्यानेच देशासाठी ते दार उघडले. याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. पदक एका पायरीवर राहिले आणि नावही लोकांच्या विस्मरणात गेले.

परंतु धैर्याने थांबणाऱ्या प्रत्येकाला असे दार उघडून मिळतेच, असे नाही. कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर हे याचे ठळक उदाहरण होय. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना, विश्रांतीच्या वेळी प्रतिपक्षाच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. एवढा पराक्रम करूनही निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही लाभला नाही. म्हणून त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. पुढेही अनेक वर्षे ते देशातील स्पर्धांतून खेळत राहिले. क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्काराने गौरविले ते २००२ साली, त्यांच्या वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.

उशिरा का होईना, जगालाही या ऋणाची जाणीव झाली आहे. १९७४ पर्यंतच्या फुटबॉल विश्वचषकांत अंतिम सामना प्रत्यक्ष खेळलेल्या अकरांनाच पदक मिळे. जागतिक संघटनेने २००७ साली ठरविले, की १९३० पासूनच्या विजेत्या संघांतील प्रत्येक गड्याला ते द्यावे. त्यानुसार १९६६ च्या स्पर्धेत जायबंदी होऊन संघाबाहेर गेलेले इंग्लंडचे जिमी ग्रीव्ह्ज यांना २००९ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी, पदक मिळाले. त्यांच्या जागी आलेल्या जेफ हर्स्ट यांनी अंतिम सामन्यात तीन गोल केले होते. म्हणजे विजयाचा नायकही मुळात बाकावरूनच उठून आला होता.

निवड करणारे डोळे माणसाचेच असतात. ते उंची पाहतात, मागील सामन्याचा आकडा पाहतात. आणि कधी एका गुणाने चुकतात. राखीव गड्याचा सन्मान करणारी संस्था या चुकीची शक्यता मान्य करीत असते. महाविद्यालयाचे कार्य तर जिंकलेल्यांची यादी ठेवण्यापुरते नाही. जिंकणाऱ्याचा गौरव जग करतेच. नाव न पुकारले जाताही दुसऱ्या पहाटे वेळेवर हजर राहणाऱ्या विद्यार्थ्याची नोंद मात्र त्याच्या महाविद्यालयानेच घ्यावयाची असते. खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, ते असेच एक पारितोषिक होते. त्यावर कोणाचे नाव कोरलेले नव्हते, एवढेच.