आनंदवल्ली
आनंदवल्ली : नासिकच्या पश्चिम भागात गोदावरीकाठी वसलेले ऐतिहासिक स्थळ. रघुनाथराव पेशवे यांनी येथे वाडा बांधला व ओक घराण्यातील आपली द्वितीय पत्नी आनंदीबाई हिच्या नावावरून गावास हे नाव दिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. आनंदीबाईने आज्ञापत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही आख्यायिका लोकांत रूढ झाली. परंतु तो आरोप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. बारभाईंच्या कारस्थानामुळे रघुनाथरावास पुणे सोडावे लागले. गरोदर आनंदीबाईस धारच्या किल्ल्यात ठेवून तो गुजरातेत गेला. धार येथेच १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. त्याच वर्षी सुरतेच्या तहान्वये रघुनाथरावाने लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी बेट व वसई इंग्रजांस देऊ केली. पेशवेपद त्यास पुन्हा लाभले नाही. साष्टी मात्र सालबाईच्या तहाने (१७८२) इंग्रजांकडेच राहिली. १७८३ मध्ये रघुनाथराव कोपरगावी निवर्तला. आनंदीबाईचे उर्वरित आयुष्य पुणे दरबाराच्या नजरकैदेत गेले. १७९४ मध्ये आनंदवल्लीसच तिचा अंत झाला. लोकस्मृतीत तिचे नाव एका अक्षराच्या फेरफाराशी निगडित राहिले. पतीने तिच्याविषयी बाळगलेल्या स्नेहाची साक्ष मात्र या ग्रामनामातच उरली आहे.