इनामगाव : शेती आणि विषमता
पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेले ताम्रपाषाणयुगीन खेडे (सु. इ. स. पू. १६००–७००). १९६८ पासून डेक्कन कॉलेजने येथे सलग अनेक वर्षे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी व ढवळीकर हे त्यातील प्रमुख संशोधक.

राजवाडा नाही, लेख नाहीत, नाणी नाहीत. तरीही गावात सारे समान नव्हते. आद्य जोर्वे या टप्प्यातील (इ. स. पू. १००० पूर्वीची) बहुतेक घरे एकखणी, चौकोनी होती. एक घर मात्र पाच खोल्यांचे, आणि त्याला लागून धान्यकोठार. सातू हे मुख्य पीक. पाण्यासाठी बांध आणि पाट. पाटाच्या पाण्याची वाटणी आणि शिलकी धान्याची राखण ज्याच्या हाती, तोच गावचा प्रमुख, असे ढवळीकरांचे अनुमान. कुंभार, सोनार आदी कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती.

भेद मेल्यावरही सुटला नाही. प्रौढांना घराच्या जमिनीखाली, पावले तोडून पुरत. पाचखणी घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती.

इ. स. पू. १००० नंतर शेती खालावली आणि बहुतेक चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या.