वसईचीं ख्रिस्तमंदिरें आणि भीमेच्या उगमावरील घंटा

जुबिलीचें वर्ष हें हिशेबाचें वर्ष होय. पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, विकली गेलेली जमीन त्या वर्षीं मूळ कुळाकडे परत जावी व दासांस मोकळीक मिळावी, असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे. म्हणजे दुसऱ्याचें आपल्याकडे काय आहे आणि आपलें दुसऱ्याकडे काय आहे, हें प्रामाणिकपणें पाहण्याचा हा काळ. मला या निमित्तानें वाचकांस थोडें दूर, नदीच्या वाटेनें, न्यावयाचें आहे. आपण सोलापूरकर ख्रिस्ती ज्या वारशाचे धनी आहों, त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यांतून रोज वाहत जातो, आणि तरी तो आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतो.

भीमा नदी आपणां सर्वांच्या परिचयाची. सह्याद्रींत भीमाशंकर येथें ती उगम पावते, पुणें जिल्ह्यांतून उतरून आपल्या जिल्ह्यांत येते, पंढरपुरास चंद्रकोरीसारखें वळण घेते म्हणून तेथें चंद्रभागा म्हणविते, आणि पुढें कर्नाटकांत रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळते. इ. स. १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणांत हिचेंच पाणी सांठतें, व सोलापूर शहर पुष्कळ अंशीं त्याच पाण्यावर जगतें. तेव्हां स्नानसंस्काराच्या कुंडांत आपण जें पाणी भरतों, तेंही बहुधा भीमेचेंच. या नदीच्या उगमाशीं, भीमाशंकराच्या मंदिरासमोर, एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती आपल्याकडील देवालयांतील नेहमींच्या घाटाची नाहीं. तिचा घाट यूरोपीय असून तिजवर ख्रिस्ती चिन्हें आहेत. ती येथें कशी आली, या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां आपणांस घाट उतरून पश्चिमेस, समुद्राच्या कांठीं, वसईस जावें लागतें.

वसई उल्हास नदीच्या मुखावर वसली आहे. ही नदी लोणावळें-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघते व ठाण्याजवळ दोन फांट्यांनीं समुद्राकडे वळते. त्यांतील उत्तरेकडचा फांटा म्हणजे वसईची खाडी. तिच्या उत्तर तीरावर किल्ला आहे. जुन्या काळीं रस्ते थोडे व वाईट असत. दगड, लांकूड, धान्य आणि माणसें यांची नेआण पाण्यावरूनच होई. म्हणून जेथें नदी तेथें बाजार, जेथें बाजार तेथें वस्ती, आणि जेथें ख्रिस्ती वस्ती तेथें ख्रिस्तमंदिर, असा क्रम जगांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. दूरच्या पोलंड देशांत विस्तुला नदीच्या कांठीं सांदोमेझ व काझिमेझ हीं नगरें अशींच वाढलीं. नदीतून जाणाऱ्या धान्यानें त्यांस ऐश्वर्य दिलें, व त्या ऐश्वर्यांतून देवळें उभीं राहिलीं. गोमंतकांत मांडवीच्या कांठचें जुनें गोवें आणि जुवारीच्या कांठचें रायतूर म्हणजेच राशोल यांची कथा तीच. या राशोलासच इ. स. १६१६ मध्यें फादर थॉमस स्टीफन्स यांचें "ख्रिस्तपुराण" छापून निघालें. इंग्लंडांत जन्मलेल्या या येशूसंघी धर्मगुरूनें सुमारें ११ हजार ओव्यांत तारणाचा इतिहास मराठींत गाइला. आपली भाषा व आपली श्रद्धा यांची गांठ नदीच्या कांठीं बांधली गेली, हें आपण विसरतां कामा नये.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहा सुलतानानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें सुमारें दोनशें वर्षें तें त्यांच्या उत्तरेकडील मुलुखाचें मुख्य ठाणें होतें. फ्रान्सिस्कन, येशूसंघी, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांनीं तटाच्या आंत आपापले मठ व मंदिरें बांधलीं. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीस लागले. सेंट जोसेफच्या मुख्य मंदिराची स्थापना इ. स. १५४६ मधील, इ. स. १६०१ मध्यें तें पुन्हां बांधण्यांत आलें, असें तेथील शिलालेख सांगतो. येशूसंघीयांचें "येशूच्या पवित्र नामाचें" मंदिर अद्याप आपल्या दर्शनी भिंतीसह उभें आहे, व तिच्यावरील कोरीव खांब पाहिले असतां त्या कारागिरांच्या हातांविषयीं आदर वाटतो. ते हात बहुतांशीं येथल्याच पाथरवटांचे होते. वसईचा दगड इतका नांवाजलेला होता कीं, जुन्या गोव्यांत इ. स. १५९४ मध्यें आरंभ होऊन १६०५ मध्यें पुऱ्या झालेल्या बॉम जेझूस मंदिराच्या दर्शनी भागासाठीं तो गलबतांतून नेण्यांत आला. ज्या मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियर यांचें पवित्र शरीर ठेवलें आहे, त्याच्या मुखावर कोंकणचा काळा पाषाण आहे!

परंतु वसईनें दिलेलें सर्वांत मोलाचें रत्न पाषाणाचें नव्हे. सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया या नांवाचा मुलगा येथें जन्मला. येशूसंघीयांच्या सहवासांत तो वाढला, पूर्वेच्या देशांत गेला, मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाला, व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाला. इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. भारतांत जन्मलेला हा पहिला संत होय.

येथवरचा वृत्तांत अभिमानाचा आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें तराजूचें एकच पारडें दाखवूं नये. पोर्तुगीज सत्तेनें आपल्या मुलुखांतील हिंदु देवालयें पाडलीं, त्यांच्या उत्सवांवर बंदी घातली, व धर्मन्यायालयाचा धाक अनेकांस भोगावा लागला, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाहीं. शुभवर्तमान प्रेमानें सांगावयाचें असतें. तें जेथें तलवारीच्या सावलींत सांगितलें गेलें, तेथें पुढील पिढ्यांस त्याचें मोल द्यावें लागलें. तें मोल इ. स. १७३९ मध्यें वसुल झालें.

त्या वर्षीं चिमाजी आप्पांनीं वसईस वेढा घातला. स्वारीपूर्वीं त्यांनीं वज्रेश्वरी देवीस नवस केला होता अशी कथा आहे, आणि विजयानंतर बांधलेलें देवीचें मंदिर तानसा नदीच्या परिसरांत आजही आहे. सुरुंगांनीं तट फुटले, दोन्ही बाजूंचीं माणसें मोठ्या संख्येनें पडलीं, व मे महिन्यांत पोर्तुगीजांनीं किल्ला खालीं केला. तहाच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक होती. सत्ताधीश व परदेशी संघ जहाजांत बसून निघून गेले. मठ ओस पडले, छपरें ढांसळलीं, आणि मनोऱ्यांतील घंटा उतरविण्यांत आल्या.

येथें क्षणभर थांबून घंटा ही वस्तु काय आहे, तें पाहूं. चार भाग तांबें व सुमारें एक भाग कथील मिळवून ती ओततात. मंदिरांत टांगण्यापूर्वीं महागुरु तिला पवित्र तेलाचा अभ्यंग करितात, व पुष्कळदां एखाद्या संताचें नांवही देतात. दिवसांतून तीन वेळां ती देवदूताच्या निरोपाची आठवण करून देते. लग्नास ती वाजते, मर्तिकासही तीच वाजते. म्हणून गांवाच्या मनांत ती जिवंत माणसासारखी असते. युद्धांत मात्र तिच्या धातूकडेच पाहिलें जातें, कारण तोफही जवळजवळ त्याच मिश्रणाची होते. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सत्तेनें पोलंड व इतर देशांतील हजारों घंटा उतरवून भट्टींत घातल्या.

वसईच्या घंटांचें भाग्य निराळें ठरलें. विजयाचें चिन्ह म्हणून त्या देशावर नेल्या गेल्या आणि देवालयांस अर्पण झाल्या. एक भीमाशंकरास, भीमेच्या उगमावर. एक वांईजवळ मेणवली येथें, कृष्णेच्या घाटावर; तिजवर पवित्र मरिया व बाळ येशू यांची आकृति व १७०७ हें साल आहे. एक नाशिकास, गोदावरीच्या कांठच्या नारोशंकराच्या मंदिरावर. हें मंदिर इ. स. १७४७ मधील असून घंटेवरील साल १७२१ आहे. या साऱ्या वसईच्या स्वारींतल्या, असें परंपरा सांगते. म्हणजे उल्हासेच्या मुखावर जो नाद घुमत होता, तो महाराष्ट्राच्या तीन मोठ्या नद्यांच्या कांठीं जाऊन पोहोंचला.

कांहीं तरुण मंडळी विचारतात, "या घंटा आमच्या, त्या आम्हांला परत कां मागूं नयेत? जुबिली तर परत देण्याचें वर्ष ना?" प्रश्न प्रामाणिक आहे व त्याला उत्तर दिलेंच पाहिजे. त्या लुटींत गेल्या, हें खरें. तें झांकण्याचें कारण नाहीं. पण ज्यांनीं त्या नेल्या त्यांनीं त्या वितळविल्या नाहींत, देवासमोर टांगल्या. ज्यांचीं देवालयें एके काळीं पाडलीं गेलीं होतीं, त्यांच्याच देवालयांत मरियामातेची मूर्ति कोरलेली घंटा पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ सुखरूप राहिली. वसईच्या ओसाड मनोऱ्यांत ती राहिली असती तर आज शिल्लक असती काय, याची मला शंका आहे. मोशेची आज्ञा जमीन परत देण्याची आहे, तशीच देणें-घेणें संपवून मोकळें होण्याचीही आहे. दोन्ही पक्षांनीं एकमेकांचें कांहींना कांहीं घेतलें. तेव्हां कांसें परत मागण्यापेक्षां मनांतील आकस सोडून देणें, हीच या हिशेबाची फेड होय, असें माझें मत आहे. भीमाशंकराची घंटा वाजते तेव्हां ती आपली नाहीं असें म्हणूं नका, आणि त्यांची नाहीं असेंही म्हणूं नका.

आतां मुख्य गोष्ट. इमारती पडल्या, घंटा गेल्या, परदेशी धर्मगुरु गेले. मग वसईचा ख्रिस्ती समाज नाहींसा झाला काय? मुळींच नाहीं. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं सेवा चालू ठेविली. घरोघरीं सायंकाळची जपमाळ सुटली नाहीं. शेतकरी, कोळी व बागाईतदार यांनीं वाडीच्या तोंडाशीं क्रूस उभे केले, आपली बोली जपली, लग्नाचीं गाणीं जपलीं. पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर येथील मंदिरें आज माणसांनीं भरलेलीं असतात. इ. स. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले महागुरु बिशप थॉमस डाबरे हेच इ. स. २००९ मध्यें आपल्या पुणें धर्मप्रांताचे बिशप झाले; वसईचा व सोलापूरचा संबंध असाही जुळून आला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनीं "सुबोध बायबल" मराठीस दिलें, ते जानेवारी २०२० मध्यें आपल्या शेजारीं उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इ. स. २०२४ मध्यें ते देवाघरीं गेले. ज्या समाजाचे मनोरे मुके झाले होते, त्याचा आवाज मराठीच्या व्यासपीठावरून असा ऐकूं आला.

याच्या जोडीस आणखी एक नदीकांठ स्मरणांत ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतून हजारों कुटुंबें सैबेरियाकडे हांकून दिलीं. त्यांतून सुटलेल्या सुमारें ५ हजार जणांस, ज्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं, इ. स. १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें, पंचगंगेच्या परिसरांत, आसरा मिळाला. आपल्या गांवांतील जुनीं मंदिरें व नद्या मागें टाकून आलेल्या या लोकांनीं छावणींत शाळा काढल्या, मंदिर मांडलें, सण पाळले. नंतर ते जगभर पांगले. त्यांच्यांतील कांहींचीं थडगीं कोल्हापुरास आहेत, व शहराच्या महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक आहे. वसईच्या किल्ल्यांत भिंती राहिल्या व माणसें गेलीं; वळिवड्यास भिंतींवांचून माणसांनीं श्रद्धा टिकविली. दोन्ही मिळून धडा एकच देतात.

म्हणून जुन्या दगडांकडे दुर्लक्ष करावें काय? तसें नव्हे. वसईचा किल्ला सरकारी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तरी भिंतींत मुळें शिरतात, आणि ज्या उल्हास नदीनें तो दगड वाहिला ती आज कारखान्यांच्या व शहरांच्या मळानें काळवंडली आहे. नदी मेली तर कांठचा वारसा पोरका होतो. आपल्या भीमेविषयींही हीच काळजी वाहिली पाहिजे. तीर्थ म्हणून तिला हात जोडणारा वारकरी आणि तिच्या पाण्यानें स्नानसंस्कार घेणारा ख्रिस्ती, या दोघांवर तिचें सारखेंच ऋण आहे.

आपलें धर्मग्राम लहान आहे. आपल्याकडे दोनशें वर्षांचे मनोरे नाहींत. परंतु आपल्याकडे स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदवह्या आहेत, वडिलधाऱ्यांच्या आठवणी आहेत, जुने फोटो आहेत. वह्यांस वाळवी लागूं देऊं नका. आजी-आजोबा आहेत तोंवर त्यांना विचारून लिहून ठेवा. मुलांस एकदां वसईस व एकदां भीमाशंकरास न्या. पुढील जुबिलीस जे येथें जमतील, त्यांस भिंतींचा रंग आठवणार नाहीं. कोणत्या घरांत जपमाळ चालू होती, तें मात्र ते विचारतील. त्या दिवशीं उत्तर देतां यावें, इतकी कृपा प्रभु येशू ख्रिस्त संत गोन्सालो गार्सियाच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस देवो. आमेन.