रिठ्याचा वारसा

हिंदू वारसाहक्काशी संबंध येणाऱ्या प्रत्येक वकिलास ‘मिताक्षरा’ हे नाव परिचित असते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. आम्ही वकील दायविभागासाठी हा ग्रंथ उघडतो; त्यातील द्रव्यशुद्धीचे प्रकरण मात्र सहसा वाचीत नाही. कोणते वस्त्र कशाने शुद्ध करावे याचा निर्णय तेथे दिलेला आहे, आणि कुतपासाठी, म्हणजे लोकरी कांबळ्यासाठी, अरिष्ट सांगितले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही हेच विधान आढळते. हे अरिष्ट किंवा अरिष्टक म्हणजेच आपला रिठा होय. बडोद्याच्या बाजारात आजही त्याला ‘अरीठा’ म्हणतात; हैदराबादेकडे तेलुगू भाषक ‘कुंकुडू’ म्हणतात, तर बेळगावकडे कानडीत तो ‘अंटवाळ’ होतो.

या निर्णयात केवळ कर्मठपणा नव्हता. लोकर व रेशीम यांस तीव्र क्षार मानवत नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस आणणारे द्रव्य असते. ते क्षाराशिवाय मळ सोडविते. म्हणूनच रेशमी शालू, लोकरी शाली आणि सोनाराकडील दागिने यांसाठी रिठ्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. १८८८ साली लीव्हर बंधूंचा ‘सनलाइट’ साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पुढे देशी कारखानेही निघाले, आणि सर्व वस्त्रांना एकच वडी लावण्याची सवय जडली. रिठा वाण्याच्या दुकानात टिकला. परसातले त्याचे झाड मात्र विस्मृतीत गेले.

ते पुन्हा लावणे अवघड नाही. त्यास धीर मात्र हवा. बी काळे, गोल व फार कठीण कवचाचे असते. ते कोमट पाण्यात दिवसभर भिजवून पेरावे. उगवण्यास महिना किंवा अधिकही लागतो. सोटमूळ खोल जात असल्याने रोप फार काळ पिशवीत ठेवू नये. पावसाच्या आरंभी, निचऱ्याच्या व उन्हाच्या जागी ते लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे आणि गुरांपासून राखावे. झाड मोठे होते, म्हणून भिंत आणि शेजाऱ्याचे कुंपण यांपासून ते दूर असावे. फांदीवरून उद्भवणारे दावे आम्हांस ठाऊक आहेत. फळे धरल्यावर ती पिकू द्यावीत, बी काढून साल कडकडीत वाळवावी, अन्यथा बुरशी येते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. माशांना ते घातक असल्याने तळ्यात वा ओढ्यात सोडू नये.

बीपासून वाढविलेल्या झाडास फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतात. लावणारा पुष्कळदा प्रौढ असतो. खरा लाभ त्याच्या मुलांना होतो. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, आणि २००५ च्या कायद्याने मुलीलाही तो मिळाला. मिळकतीच्या वाटणीत झाडे मोजली जातात. सालीचा उपयोग, बी भिजविण्याची रीत, कोणते वस्त्र कशाने धुवावे याची जाण मात्र कोणत्याही वाटणीपत्रात लिहिली जात नाही. ती हयातीतच हातून हाती द्यावी लागते. बसवकल्याणच्या त्या ग्रंथात वारसा आणि रिठा एकाच बांधणीत आहेत. आपल्या घरीही ते एकत्र असावेत, एवढेच आमचे सांगणे.